तुमचं पर्यावरण, आमचं पोतं

गेल्या ५ जूनला हिंगोलीत पर्यावरण दिन साजरा झाला. सभागृह कुणाचं, पाहुणे कोण, ते सोडा. स्टेजवर प्रत्येक खुर्चीपुढं पाण्याची प्लास्टिक बाटली, बुके प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले, आणि पाहुणे प्लास्टिकच्या राक्षसावर बोलत होते. मी मागच्या रांगेत. शेजारी माझी धाकटी आत्या. ती नारेगावची, म्हणजे औरंगाबादची. आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण आत्याच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. लग्नाला आली होती, घरात बसून कंटाळली म्हणून माझ्यासंगं आली. पाहुणे म्हणाले, "बंधू-भगिनींनो, कचरा हा कचरा नाही, ते सोनं आहे सोनं!" टाळ्या पडल्या. आत्यानं मला कोपरानं ढोसलं.

"काऊन रं बापू, तीस वर्सं म्या तेच येचलं. मह्या पोत्यात तर कधी सोनं न्हाई निंगालं. ह्यायला कुठं घावलं?"

दोस्तांनो, कुठं घावलं ते मी सांगतो. आत्याला सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो. कचरा जोवर घाण आहे तोवर तो जातीचा. ज्या दिवशी त्याचं सोनं होतं त्या दिवशी तो ठेकेदाराचा. मधे जी जादू होते तिचं नाव टेंडर.

आम्ही शहरात हौसेनं आलो नाही. आमचं गाव सेनगाव तालुक्यातलं. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. तेव्हा सगळा परभणी. ७२ च्या दुष्काळात आत्या दहा वर्सांची होती. आज्यानं आन् बापानं खडी फोडली, लेकरांनी सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. तेव्हा निम्मी वस्ती औरंगाबादला, पुण्याला, मुंबईला पांगली. जी उरली तिला १९७८ नं हाकललं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. आमची वस्ती जळाली नाही, पण रात्ररात्र जागून लोक खचले. खेडं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलेलं होतंच. सोडलं. अंगावरचं लुगडं, दोन भांडी आणि बाबांचा फोटो घेऊन सोडलं.

शहरानं काय दिलं? गावात मेलेलं ढोर ओढणं आमच्याकडं होतं, शहरात शहराचं मेलेलं सगळंच आमच्याकडं आलं. गावात गावकुसाबाहेर राहायचं, शहरात कचरा डेपोच्या कुसाला. गावात निदान कुणाचं ढोर ते माहीत असायचं. शहरात कुणाच्या पोराच्या हगण्याचं डायपर आपल्या हातात आलं तेही कळत नाही. गावात हाक मारताना जात पुकारायचे, शहरात "ए कचरेवाली" म्हणतात. झाली प्रगती.

नारेगावचा डेपो तुम्ही पाहिला असेल नसेल. औरंगाबादचा सगळा कचरा तीसेक वर्षं तिथं पडत होता. शेजारी चिकलठाण्याची एमआयडीसी, कामगारांच्या वस्त्या, मांडकीसारखी गावं. ओला-सुका काही नाही, ट्रक यायचा आणि उलटा व्हायचा. उन्हाळ्यात ढीग आपोआप पेटायचे. आपोआप म्हणजे काय, ते शहाण्या माणसांनी ऐकावं: दडपलेल्या ओल्या कचऱ्यात हवा जात नाही, तो आतल्या आत सडतो, त्यातून मिथेन निघतो, आणि एका ठिणगीवर पेट घेतो. पावसाळ्यात त्याच ढिगाचं काळं पाणी झिरपून विहिरीत उतरतं. आत्या त्या ढिगावर आकडी घेऊन चढायची. पायात दोन वेगवेगळ्या माणसांच्या चपला. तिला तेव्हा कुणी पर्यावरणाची कार्यकर्ती म्हटलं नाही. पण हिशेब करा. प्लास्टिक, पत्रा, काच, पुठ्ठा तिनं ढिगातून काढला, भंगारवाल्याला घातला, तो पुन्हा कारखान्यात गेला. महापालिकेचा एक रुपया खर्च न होता. तीस वर्षं एक बाई शहराचा कचरा कमी करत होती आणि शहर तिच्यामागं कुत्रं सोडत होतं.

मग २०१८ चा फेब्रुवारी आला. डेपोच्या आजूबाजूच्या लोकांनी ट्रक अडवले. बस झालं म्हणाले. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानंही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. आणि शहराला पहिल्यांदा वास आला. तीस वर्षांचा वास तीन आठवड्यांत आला! गल्लोगल्ली ढीग, चौकाचौकात पेटवलेला कचरा, वर्तमानपत्रांत पानंच्या पानं. एवढे अग्रलेख नारेगावच्या विहिरीवर कधी पडले नव्हते. मग प्रशासन जागा शोधत निघालं. कुठं शोधली? पडेगाव, मिटमिटा, हर्सूल, चिकलठाणा, कांचनवाडी. सगळी शहराची काठाकाठाची वस्ती. आयुक्तांच्या बंगल्यामागं मोकळं मैदान आहे का, हे कुणी पाहिलं नाही. ७ मार्चला मिटमिट्यात पोलीस बंदोबस्तात ट्रक घुसवले, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला. त्यापायी पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं, महापालिकेचे आयुक्त बदलले. कचऱ्यानं माणसं हलवली म्हणायची.

नारेगावकरांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण एक सांगा, डेपो बंद झाला त्या दिवशी त्या ढिगावर जगणाऱ्या बायांचं काय होणार, हा सवाल कोणत्या बैठकीत निघाला? डेपो बंद झाल्याचा आनंद आत्यालाही झाला. रात्री खोकला कमी झाला. आणि सकाळी चूल बंद झाली. एकाच गोष्टीनं माणूस मरतो आणि त्याच गोष्टीवर जगतो, ही स्थिती आणणाऱ्याला पर्यावरण शिकवायचा काय हक्क आहे?

आता मुंबईकडं बघा. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले. त्याच परिषदेत त्यांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, घाणेरडी कामं टाकून द्या. आणि त्याच १९२७ साली मुंबईनं देवनारला कचरा टाकायला सुरुवात केली. इकडं एक माणूस आपल्या माणसांना उकिरड्यातून उठवत होता, तिकडं देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर त्यांच्यासाठी नवा उकिरडा मांडत होतं. शंभर वर्षं होत आली. उकिरड्याचा डोंगर झाला, १३० हेक्टरवर पसरला, भोवती गोवंडी-शिवाजीनगर वसलं. गरिबातला गरीब तिथं गेला, कारण दुसरीकडं त्याला कुणी घेतलं नाही.

जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला. धूर थेट आकाशातल्या उपग्रहाला दिसला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईची फुफ्फुसं, मुंबईची फुफ्फुसं म्हणून ओरड झाली. गोवंडीला फुफ्फुसं असतात हे त्या ओरडीत ऐकू आलं नाही. पकडलं कुणाला? भंगारवाल्यांना. बंदी कुणाला? कचरा वेचणाऱ्यांना. ज्यांनी ओला-सुका वेगळा न करता रोज हजारो टन आणून ओतला ते सगळे फिर्यादी झाले. हायकोर्टानं त्याच वर्षी कडक भूमिका घेतली, कचऱ्याची व्यवस्था नाही तर मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी नाही, असं सांगितलं. चांगलं झालं. पण मग बिल्डर सुप्रीम कोर्टात गेले आणि २०१८ साली अटींवर सूट घेऊन आले. गोवंडीच्या बाईला खोकल्यातून सूट कुठल्या कोर्टात मिळते?

थांबा, सोनं इथून पुढं आहे. २०२४ साली सरकारनं धारावीच्या पुनर्विकासासाठी देवनारची १२४ एकर जमीन द्यायचं ठरवलं. धारावीत जे "अपात्र" ठरतील त्यांना तिथं घरं. म्हणजे ज्या जमिनीखाली शंभर वर्षांचा कचरा, त्यावर माणसं रचायची. अपात्र माणसाला पात्र जागा मिळाली! आणि २०२५ साली तिथला १८५ लाख टन जुना कचरा उपसायला महापालिकेनं २ हजार ३०० कोटींच्या वरचं टेंडर काढलं. आत्या, घावलं बघ सोनं. तू ज्याला तीस वर्षं आकडीनं टोकरत होतीस, त्याला आता बायोमायनिंग म्हणतात. तू करत होतीस तेव्हा ते भंगार होतं, तू चोर होतीस आणि वॉचमन तुझं पोतं ओतून बघायचा. कंपनी करते तेव्हा ते तंत्रज्ञान आहे. टेंडरच्या पात्रतेच्या अटीत उलाढाल विचारतात. किती वर्षं पाठीवर वाहिलं, हे विचारत नाहीत.

शहर झाडणाऱ्यांचं तरी बरं आहे म्हणता? मुंबईतल्या कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांची गोष्ट ऐका. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा वीस माणसांपासून लागू व्हायचा. म्हणून ठेके केले अठरा-अठरा माणसांचे. केवढं डोकं! मग निघाला हैदराबाद पॅटर्न. आम्हा मराठवाडेकरांना हैदराबादचं नवल नाही, निजाम आम्ही भोगलाय. पण या पॅटर्नमध्ये कामगाराला कामगार म्हणायचंच नाही, "स्वयंसेवक" म्हणायचं, पगाराला मानधन म्हणायचं. पहाटे उठून दुसऱ्याची घाण उपसणारा स्वयंसेवक! कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टानं २७०० कामगारांच्या बाजूनं निकाल कायम केला. तोवर त्यातले कितीतरी निकाल ऐकायला उरले नव्हते. आणि हुशारी संपत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या, त्यात कंत्राटी कामगारांसाठी विसाचा आकडा पन्नासवर नेलाय. आता अठराचे ठेके करायची तसदी नको. एकोणपन्नासचे करा.

माझ्या चुलतभावाचं सांगतो. गाव सांगत नाही, नगरपालिका सांगत नाही. घंटागाडीवर ठेक्यानं होता. हातमोजे मागितले. मुकादम हसला, म्हणाला, "तुम्हाला रे कायला लागतेत? तुमच्या तर रक्तात हाय." भाऊ बी.ए. झालेला. त्यानं अर्ज लिहिला, चांगल्या अक्षरात, खाली सही, वर तारीख. तिसऱ्या दिवशी हजेरीत त्याचं नाव नव्हतं. अर्जाची पोच अजून त्याच्या पाकिटात आहे.

रक्तात आहे म्हणे. रक्ताचा हिशेब केंद्र सरकारनंच दिलाय. गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांची नमस्ते योजनेत नोंद झाली. २०२४ पर्यंत ३८ हजारांची माहिती गोळा झाली, त्यात शंभरातले जवळजवळ ६९ अनुसूचित जातीचे. आदिवासी आणि ओबीसी धरले तर ९२. आणि तुम्ही म्हणता जात गेली. जात गेली नाही बाबांनो, ती मॅनहोलमध्ये उतरली.

हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा, आणि तो लागू कधी झाला माहीत आहे? ६ डिसेंबर २०१३. आमच्या बाबांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशी. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, २०२३ साली ३० लाख. भाव वाढतोय. पण टाकीत उतरणं थांबत नाही. मे २०२३ मध्ये आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर मेले. एक गुदमरला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यामागं तिसरा. टाकीतल्या वायूला सडक्या अंड्याचा वास असतो, आणि तो जास्त झाला की नाकाला कळेनासाच होतो. माणसाला वाटतं वास गेला. गेलेला असतो तो माणूस. मुसलमान असो, मातंग असो, मेहतर असो, त्या टाकीत उतरणारा आमचाच.

आता आमच्या हिंगोली जिल्ह्याची शान ऐका. औंढा नागनाथजवळ लायगो प्रयोगशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी मंजूर केले. भाऊचा तांड्याच्या एकच महिना आधी. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळली तर त्याचा हिसका तिथं मोजणार, प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा. मला अभिमान आहे. आमच्या पोरांनी तिथं शास्त्रज्ञ म्हणून जावं, झाडूवाले म्हणून नको. पण मला सांगा, ज्या देशाला विश्वाच्या पलीकडची थरथर मोजता येते, त्याला टाकीत माणूस उतरवण्याआधी वायू मोजायचं हातात मावणारं यंत्र खाली सोडता येत नाही? येतं. बाजारात मिळतं. सोडत नाहीत, कारण माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो.

स्वच्छ भारत २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाला. चिन्ह गांधींचा चष्मा. चष्मा बरोबर निवडला. १९३६ साली गांधींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला होता. आदर्श ब्राह्मणानं संडास कसा साफ करावा, यावर कुणाचा लेख गाजल्याचं ऐकलं नाही. घाणीच्या कामाला थोर म्हणायचं आणि ते एकाच्याच डोक्यावर ठेवायचं, ही लबाडी बाबासाहेबांनी १९४५ सालच्या पुस्तकात उघडी पाडली आहे. ती वाचून काय फरक पडला? २०१९ च्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. कॅमेरे होते. आमच्या भावाला पाय धुऊन नकोत, पायात बूट पाहिजेत.

म्हणून मला तुमचा तो शब्द, पर्यावरण, ऐकला की अंगावर काटा येतो. पर्यावरण आम्हाला नको असं नाही. घाण हवा सगळ्यात आधी कुणाच्या नाकात जाते? झिरपलेलं काळं पाणी सगळ्यात आधी कुणाच्या हापशाला येतं? पर्यावरणाची सगळ्यात मोठी गरज आम्हाला आहे. पण तुमच्या पर्यावरणात झाड आहे, नदी आहे, चिमणी आहे, पहाटेची प्रभातफेरी आहे. माणूस नाही. तुम्ही कयाधूच्या काठी श्रमदानाला येता, नवे हातमोजे घालता, फोटो काढता, आणि गोळा केलेल्या कचऱ्याची पोती तिथंच ठेवून जाता. ती दुसऱ्या दिवशी कोण उचलतं? एकदा थांबून बघा की.

आता घरचं. आपल्यातलेही कमी नाहीत. साहेब झाले, फ्लॅट झाला, हॉलमध्ये बाबांचा फोटो झाला. दारात कचरा न्यायला येणारी बाई आपल्याच गल्लीतली असते, तिला पाणी वरून ओततो. आम्ही बौद्धांनी ढोरं ओढणं टाकलं, बरं केलं. पण आम्ही टाकलेलं काम ज्यांच्या गळ्यात पडलं त्या मातंगाला, मेहतराला आम्ही कधी भाऊ म्हणालो? मोर्च्यात म्हणालो. सोयरीक दूरच, त्यांच्या वस्तीत कार्यक्रम घ्यायचा तर आम्हाला रस्ता विचारावा लागतो.

पुण्यातल्या बायांनी मात्र काही करून दाखवलंय. त्यातल्या कितीतरी आपल्याच, ७२ ला मराठवाड्यातून गेलेल्या. १९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काढली, बाबा आढाव सोबत होते. १९९६ मध्ये पालिकेकडून ओळखपत्र मिळवलं. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, आम्ही काम करतो, असं सांगणारा कागद. २००८ मध्ये 'स्वच्छ' नावाची स्वतःची सहकारी संस्था केली, पालिकेशी करार केला, दारोदार कचरा घेतात, घराकडून पैसे घेतात, सुका माल स्वतः विकतात. वापरलेले पॅड उघडे हातात येतात म्हणून कंपन्यांनाच परत पाठवले. सगळं गोड आहे असं नाही. कराराची मुदत संपली की ठेकेदार टपलेलाच असतो, आणि पैसे न देणारे बंगलेवाले तिथंही आहेत. पण पोतं त्यांचं आहे आणि पोत्यातल्या मालाचा हिशेबही त्यांचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हेच कागदावर लिहून दिलं, की कचरा वेचणाऱ्यांची नोंद करा, त्यांना व्यवस्थेत घ्या. आमच्या वसमत-कळमनुरी-सेनगावपासून औरंगाबादपर्यंत ही नोंदवही कुठल्या कपाटात आहे, ती आपण सगळ्यांनी जाऊन मागू. तोंडी नाही, अर्जानं. पोच घेऊन.

सभा संपली. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. आत्या स्टेजवर चढली आणि खुर्च्यांपुढच्या बाटल्या पिशवीत भरायला लागली. मला लाज वाटली, खरं सांगतो. म्हटलं, "आत्या, राहू दे, पावनी म्हनून आलीस तू." तिनं ऐकलं नाही. बाटल्या दाबून दाबून भरल्या. बसस्टँडकडं चालता चालता मी तिला पुण्याच्या बायांचं सांगत होतो, ओळखपत्राचं. ती बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, "त्या कारडावर फोटू असतो का?"

"असतो."

"मंग एक काढून ठिवते. आन् बापू, त्येच्यावर मव्हं नाव नीट लिव्हाय सांग. मतदान यादीत बी चुकलंय."